नोंदवहींतील मालकी

पिशोरच्या एखाद्या शेतकऱ्यानें दोन एकर जमीन विकत घेतली, कन्नडच्या कचेरींत खरेदीखत नोंदलें गेलें, पैसे पोंचते झाले, साक्षीदारांच्या सह्या आणि अंगठे उमटले, म्हणजे व्यवहार पुरा झाला अशी शहरांतील सुशिक्षित माणसाची समजूत असते. गांवांतला अनुभवी म्हातारा मात्र तेवढ्यावर स्वस्थ बसत नाहीं. तो विचारतो, “फेरफार झाला का?” या एवढ्याशा प्रश्नांत कित्येक पिढ्यांचें शहाणपण सांठलेलें आहे. खत हें दोन माणसांमधलें असतें; फेरफार हा साऱ्या गांवाला सांगितलेला असतो. नोंदवहींत नांव चढलें, हरकतीची मुदत टळली, मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित केली आणि सातबाऱ्यावर जुन्या नांवाला कंस होऊन नवें नांव लागलें, म्हणजे मग त्या म्हाताऱ्याचें समाधान होतें. वारसानें किंवा घरच्या वांटणीनें जमीन ज्याच्याकडे आली त्यानें ती गोष्ट तीन महिन्यांच्या आंत कळवावी, असें १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता सांगते. आणि प्रमाणित झालेली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असेंहि तीच सांगते.

परंतु ज्या मिळकतीला बांध नाहीं, शिवार नाहीं, विहीर नाहीं, जिच्यांत नांगर घालतां येत नाहीं आणि जिच्या कडेला उभें राहून “ही माझी” असें म्हणतां येत नाहीं, अशी मिळकत असेल तर तिची मालकी कशी ठरवावी? माणसाच्या डोक्यांतून निघालेलें नवें यंत्र किंवा नवी कृति, आणि तिच्यावर सरकारनें कांहीं वर्षांपुरता दिलेला एकट्याचा हक्क, म्हणजे ज्याला आपण पेटंट म्हणतों, तें अशाच प्रकारचें आहे. पेटंट विकतां येतें, गहाण टाकतां येतें, वारसांना जातें, भागीदारींत घालतां येतें. मग या हक्काचा फेरफार कोठें होतो, आणि तो झाला नाहीं तर काय होतें, या प्रश्नाचा इतिहास वरवर रुक्ष दिसला तरी मनोरंजक आहे, आणि आपल्या घरांतील हुशार मुलांच्या दृष्टीनें उपयोगाचाहि आहे.

प्रथम आपल्या घरचें पाहूं. छापील नोंदवह्या नव्हत्या त्या काळीं महाराष्ट्रांत वतनाचा तंटा निघाला, म्हणजे गोतसभा भरे. पाटील, कुळकर्णी, शेजारच्या गांवचे वतनदार, बलुतेदार असे सर्व जमत; वृद्ध माणसें आपल्या आठवणी सांगत; आणि निकालाचा महजर होऊन त्यावर जमलेल्यांच्या निशाण्या होत. पाटलाचा नांगर, लोहाराचा हातोडा, अशीं चिन्हें आपण जुन्या कागदांवर पाहतों. त्या कागदाचें बळ शाईंत नव्हतें. तें जमलेल्या मंडळींच्या स्मरणांत होतें. कागद हरवला तरी गांव होतें. चार म्हातारे पुन्हां उभे करून बांध कोठें होता हें विचारतां येत असे.

इंग्रजी राज्य आल्यावर हा क्रम उलटा झाला. मुंबई इलाख्यांत १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि पिढ्यान् पिढ्या इनाम खाणाऱ्या घराण्यांना सांगण्यांत आलें कीं, सनदा दाखवा. ज्यांच्याजवळ सनद होती, किंवा ज्यांचें नांव पुण्याच्या पेशवे दफ्तरांत सांपडलें, ते तरले. ज्यांचे कागद वाळवीनें खाल्ले, आगींत गेले, किंवा भाऊबंदांनीं दडविले, त्यांचीं इनामें खालसा झालीं. या कमिशननें दक्षिणेंत किती असंतोष माजविला हें सर्वश्रुत आहे. पिशोरचा मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यामुळें या कमिशनच्या कक्षेबाहेर होता. तथापि तेथेंहि इनामाची चौकशी होऊन मान्यतेचा जो कागद मिळे, त्या मुंतखबाला सोन्याचें मोल होतें. या सर्व प्रकरणापासून एक धडा घेण्यासारखा आहे. राज्यसत्ता जेव्हां स्मरणाऐवजीं कागद मागूं लागते, तेव्हां कागद नसलेला खरा मालकहि लबाड ठरूं शकतो. म्हणून जें सरकार नोंदीचा आग्रह धरतें, त्यानें नोंद करण्याचा मार्ग गरिबालाहि सुलभ ठेवला पाहिजे.

आतां बुद्धीच्या मिळकतीकडे वळूं. या बाबतींतला जुना आणि प्रसिद्ध कायदा व्हेनिसचा. १९ मार्च १४७४ रोजीं त्या नगरराज्यानें असें ठरविलें कीं, पूर्वीं त्या राज्यांत नसलेलें कुशल यंत्र जो तयार करील, त्यानें तें पूर्णत्वास नेल्यावर नगराच्या कचेरींत कळवावें, म्हणजे दहा वर्षेंपर्यंत दुसऱ्या कोणास त्याच्या परवानगीवांचून तें करतां येणार नाहीं. म्हणजे हक्काच्या जन्माबरोबरच कचेरींतील नोंदहि जन्माला आली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. इंग्लंडांत १६२४ च्या मक्तेदारीविषयक कायद्यानें राजाच्या मनमानी मक्त्यांना आळा घातला, पण नव्या शोधाच्या पहिल्या व खऱ्या कर्त्याला चौदा वर्षांचा हक्क राखून ठेवला. हक्क मिळविण्याची वाट मात्र अत्यंत बिकट होती. या कचेरींतून त्या कचेरींत फिरतां फिरतां गरीब कारागिराचा जीव मेटाकुटीस येई आणि खिसा रिकामा होई. चार्ल्स डिकन्स यानें १८५० मध्यें एका गरीब माणसाच्या पेटंटाची कहाणी लिहून या कारभाराची भरपूर थट्टा केली आहे. पुढें दोनच वर्षांनीं, १८५२ मध्यें, तिकडे नवा कायदा झाला आणि एकच पेटंट कचेरी स्थापन झाली.

या १८५२ च्या कायद्यांत आपल्या विषयाचें बीज आहे. त्यानें पेटंटांच्या नोंदवहीबरोबर मालकांचीहि एक स्वतंत्र नोंदवही ठेवण्यास सांगितलें. पेटंट कोणी कोणास विकलें, त्याचा किती हिस्सा कोणास दिला, कोणत्या भागापुरता परवाना दिला, हें त्या वहींत चढवावयाचें. आणि ती नोंद होईपर्यंत ज्याच्या नांवें मूळ पेटंट निघालें, तोच त्याचा एकमेव मालक समजावयाचा. विक्रीचा कागद पेटींत कुलूपबंद असला, तरी जगाच्या दृष्टीनें तो नसल्यासारखाच. पिशोरच्या म्हाताऱ्याचा प्रश्न लंडनच्या कायदेपंडितांनींहि विचारला होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं. योगायोग असा कीं, ज्या वर्षीं त्यांनीं आपल्या देशांतील कारागिरांसाठीं नोंदीची वाट सोपी केली, त्याच वर्षीं आपल्याकडील इनामदारांसाठीं त्यांच्याच राज्यानें ती अवघड केली.

अमेरिकेनें हा विचार आणखी आधीं केला होता. १७९३ च्या कायद्यांत पेटंटाचें हस्तांतर परराष्ट्र सचिवाच्या कचेरींत नोंदविण्याची तरतूद होती. १८३६ च्या कायद्यानें ती नोंद तीन महिन्यांच्या आंत पेटंट कचेरींत व्हावी असें ठरविलें. हा कायदा होऊन अर्धें वर्षहि लोटलें नाहीं तोंच, १५ डिसेंबर १८३६ रोजीं वॉशिंग्टन येथील ज्या इमारतींत ही कचेरी होती तिला आग लागली. तोंवर दिलेल्या सुमारें दहा हजार पेटंटांचे कागद, आकृत्या आणि नमुने एका रात्रींत जळून गेले. तेव्हां अमेरिकन सरकारनें मार्च १८३७ मध्यें नवा कायदा करून लोकांना विनंति केली कीं, तुमच्याजवळच्या प्रती आणा, हस्तांतराचीं खतें आणा, म्हणजे तीं पुन्हां नोंदवून घेऊं. तरीहि जीं पेटंटें पुन्हां उभीं करतां आलीं त्यांची संख्या तीन हजारांपर्यंत पोंचली नाहीं. जमिनीच्या नोंदी जळाल्या तर जमीन जळत नाहीं. पीक तसेंच डोलत असतें आणि शेजारी तसाच भांडत असतो. शोधाच्या नोंदी जळाल्या म्हणजे मात्र मालकीचा बांधच नाहींसा होतो.

हिंदुस्थानांत पेटंटाचा पहिला कायदा १८५६ चा सहावा. त्याखालीं पहिला अर्ज ३ मार्च १८५६ रोजीं कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग या गृहस्थानें केला. त्याचा शोध होता पंखा ओढण्याच्या सोयीस्कर यंत्राचा. साहेबाच्या डोक्यावरील पंखा ओढणाऱ्या गरीब पंखेवाल्याची जागा यंत्रानें घ्यावी, हा या देशांतील पहिला नोंदलेला शोध असावा, ही गोष्ट त्या काळाविषयीं पुष्कळ सांगून जाते. हा कायदा राणीच्या पूर्वसंमतीवांचून केल्याचें निघाल्यामुळें १८५७ मध्यें रद्द झाला आणि १८५९ मध्यें पुन्हां करावा लागला. पुढें १८७२, १८८३ व १८८८ या सालीं दुरुस्त्या होत होत १९११ चा पेटंट व डिझाइन कायदा आला. त्यानें नियंत्रक नेमला, नोंदवही दिली, आणि हस्तांतरानें किंवा वारसानें पेटंट ज्याच्याकडे येईल त्यानें आपलें नांव तींत चढवून घ्यावें असें ठरविलें. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. त्यामुळें कलकत्त्याचा शिक्का त्याच्याच बळावर निजामाच्या मुलुखांत, आणि म्हणून पिशोरास, चालत नव्हता. मिळकत बुद्धीची असली तरी तिलाहि राज्याची सीमा असते, हें यावरून दिसून येईल.

या सीमांचा आणि कागदांचा अनुभव ज्या मराठी माणसानें जन्मभर घेतला, त्याचें नांव शंकर आबाजी भिसे. त्यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजीं मुंबईस झाला. किराणा मालाच्या दुकानांत माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची एक स्पर्धा लंडनच्या एका नियतकालिकानें लावली होती. ती या मुंबईकर तरुणानें घरबसल्या जिंकली. पुढें दिनशा वाच्छा यांच्या शिफारशीनें ते विलायतेस गेले आणि दादाभाई नौरोजी यांचा त्यांस आधार मिळाला. छापखान्यासाठीं खिळे पाडण्याचें अत्यंत वेगवान यंत्र हें त्यांच्या आयुष्याचें ध्येय झालें. हेन्री हिंडमन या प्रसिद्ध समाजवादी पुढाऱ्यानें भांडवल उभें करण्याचें मनावर घेतलें; परंतु १९०७ च्या अखेरीस त्यानें हात टेकले. भिसे रिक्तहस्त होऊन स्वदेशीं परतत असतां त्यांची गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशीं गांठ पडली. गोखल्यांनीं रतन टाटा यांच्याजवळ शब्द टाकला, आणि १९१० मध्यें टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट स्थापन झालें. तें १९१५ मध्यें बंद पडलें. पुढें भिसे अमेरिकेस गेले आणि ७ एप्रिल १९३५ रोजीं न्यूयॉर्क येथें वारले.

भिशांचें चरित्र सांगणारे लोक त्यांच्या कल्पकतेविषयीं पुष्कळ सांगतात, आणि तें रास्तच आहे. परंतु त्यांचें आयुष्य दुसऱ्याहि बाजूनें पाहण्यासारखें आहे. कल्पना एकाची, भांडवल दुसऱ्याचें, कारखाना तिसऱ्याचा आणि बाजार परक्या देशाचा, अशी जेथें स्थिति असते, तेथें कारागिराच्या हातांत त्याचें पेटंट एवढेंच काय तें शस्त्र असतें. तेंहि एक नव्हे; लंडनचें पेटंट न्यूयॉर्कला चालत नाहीं, म्हणून जितके देश तितके अर्ज आणि तितक्याच नोंदवह्या. भांडवलदार पैसे घालतो तो मैत्रीवर नव्हे, तर हक्काच्या कागदावर. आणि भागीदारी मोडली म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो हाच कीं, पेटंट कोणाच्या नांवावर आहे. गोखल्यांसारखा मध्यस्थ आणि टाटांसारखा उदार धनिक प्रत्येकाच्या वांट्यास येत नाहीं. ज्याला असा कोणी वाली नाहीं, त्याला नोंदवही हाच वाली.

आज या देशांत १९७० चा पेटंट कायदा चालतो. तो २० एप्रिल १९७२ पासून अमलांत आला असून त्यांत पुढें महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या आहेत. त्याचें स्वरूप एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. कन्नड तालुक्यांत आल्याचें पीक घेतात. समजा, पिशोरच्या एका लोहारानें काढणीनंतर आल्याची माती धुऊन काढणारें एक नवेंच यंत्र बनविलें, आणि मुंबईच्या पेटंट कचेरींत अर्ज करून वीस वर्षांचें पेटंट मिळविलें. पुढें पैशाची नड लागली म्हणून त्यानें तें जालन्याच्या एका व्यापाऱ्यास विकलें. हा व्यवहार तोंडीं झाला असेल, तर कायद्याच्या दृष्टीनें तो झालाच नाहीं. हस्तांतर लेखी पाहिजे, आणि त्यांत उभयतांच्या हक्कांच्या व जबाबदाऱ्यांच्या सर्व अटी आल्या पाहिजेत. २००५ पर्यंत कायदा याहून कडक होता. खत झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत, किंवा वाढवून मिळालेल्या मुदतींत, नोंदणीचा अर्ज न केल्यास तें खतच निष्फळ ठरे. ती अट २००५ च्या दुरुस्तीनें गेली. पण नोंदीचें महत्त्व गेलें नाहीं.

कारण असें. जालन्याच्या व्यापाऱ्यानें खत पेटींत ठेवलें आणि नोंद केली नाहीं. वर्षभरानें लोहारास मोह झाला, आणि त्यानें तेंच पेटंट नाशिकच्या दुसऱ्या एका व्यापाऱ्यास विकलें. या दुसऱ्यानें नोंदवही पाहिली, तींत लोहाराचेंच नांव पाहिलें, विश्वासानें पैसे मोजले आणि स्वतःचें नांव चढवून घेतलें. आतां कायदा काय म्हणतो? नोंदवहींत ज्याचें नांव मालक म्हणून आहे, त्याला पेटंट विकण्याचा किंवा परवाना देण्याचा अधिकार आहे. मात्र नोंदवहींत दुसऱ्या कोणाचे हक्क नमूद असतील तर त्यांना बाध येतां कामा नये. आणि ज्या खताची नोंद झालेली नाहीं, तें नियंत्रकानें किंवा न्यायालयानें कारणें नमूद करून विशेष आज्ञा दिल्यावांचून मालकीचा पुरावा म्हणून घेतलें जात नाहीं. म्हणजे जालन्याचा व्यापारी खरा असूनहि मुका झाला. लोहाराच्या लबाडीबद्दल तो दाद मागूं शकेल. न्यायबुद्धीच्या आधारावर झगडूंहि शकेल. पण जें काम थोडक्या फीनें आणि एका अर्जानें झालें असतें, त्यासाठीं वर्षानुवर्षें कोर्टाची पायरी चढावी लागेल. अमेरिकेच्या कायद्यांत तर स्पष्टच म्हटलें आहे कीं, पहिलें हस्तांतर तीन महिन्यांच्या आंत किंवा दुसऱ्या खरेदीच्या पूर्वीं नोंदलें गेलें नाहीं, तर मोबदला देऊन अजाणतां घेणाऱ्या दुसऱ्या खरेदीदारापुढें तें व्यर्थ आहे.

कोणी म्हणेल, यांत व्यापाऱ्यांचें हित झालें, लोहाराचें काय? प्रश्न योग्य आहे. पेटंटावर शोधकाचें नांव नमूद करावें अशी सोय कायद्यांत आहे, आणि ती स्तुत्यहि आहे. परंतु त्या उल्लेखानें मालकी मिळत नाहीं, असें त्याच कलमांत सांगून ठेवलें आहे. नांव एकाचें आणि मालकी दुसऱ्याची, ही स्थिति कायद्यास मंजूर आहे. म्हणून आपल्या तरुण मुलानें एखादा शोध लावला आणि त्याच्यापुढें एखाद्या कंपनीनें छापील कागद ठेवला, तर आईबापांनीं तो कागद सहीपूर्वीं वाचावयास लावला पाहिजे. त्यांत हक्काचें हस्तांतर आहे कीं केवळ वापरण्याचा परवाना आहे? एका देशापुरतें आहे कीं सर्व जगापुरतें? पुढें होणाऱ्या सुधारणाहि त्यांत गोंवल्या आहेत काय? दोघे मित्र मिळून पेटंट घेणार असतील, तर दोघांचा हिस्सा समान मानला जाईल आणि एकाच्या संमतीवांचून दुसऱ्यास आपला हिस्सा विकतां येणार नाहीं, हें त्यांना आधींच माहीत असलेलें बरें. वेगळा करार करावयाचा असेल, तर तो गोडी आहे तोंवरच करावा.

याचा अर्थ नोंदवही म्हणजे वेदवाक्य असा नव्हे. खोट्या खतावरून चढलेलें नांवहि कांहीं काळ खऱ्यासारखें मिरवूं शकतें. म्हणूनच नोंदवहींत दुरुस्ती मागण्याचा मार्ग कायद्यानें मोकळा ठेवला आहे, आणि अपील मंडळ बंद झाल्यामुळें २०२१ पासून तें काम उच्च न्यायालयांकडे आलें आहे. नोंद हक्क निर्माण करीत नाहीं. ती हक्काची दवंडी पिटते. पूर्वीं हें काम गोतसभा करीत असे. शोधाच्या मिळकतीला शेजारी नसतात, बांधावरचें झाड नसतें, चार म्हाताऱ्यांची साक्ष नसते. तेव्हां तिची गोतसभा म्हणजे सर्वांस पाहण्यास खुली असलेली ही नोंदवहीच होय. तींत जें नाहीं, तें परक्या माणसानें कोठून जाणावें?

आपल्या समाजांत बुद्धीविषयीं आदर पुष्कळ आहे, पण बुद्धीच्या कागदपत्रांविषयीं एक प्रकारचा संकोच आहे. व्यवहार चोख ठेवणें म्हणजे अविश्वास दाखविणें, अशी आपली भाबडी समजूत असते. जमिनीच्या बाबतींत ही समजूत आपण पिढ्यान् पिढ्यांच्या भाऊबंदकीनें कधींच धुऊन टाकली आहे. तेथें सख्ख्या भावानेंहि वांटणीची नोंद मागितली तर कोणास राग येत नाहीं. शोधाच्या बाबतींत आपण अजून नवशिके आहोंत. पिशोरचा लोहार ज्या दिवशीं आपलें यंत्र विकावयास निघेल, त्या दिवशीं त्याच्या दारांतल्या म्हाताऱ्यानें त्यालाहि तोच जुना प्रश्न विचारावा, आणि त्याचें उत्तर कोणत्या कचेरींत मिळतें हें गांवांतल्या शाळामास्तरास ठाऊक असावें.